अक्षयनीवी : विरक्तांचे धन कारागिरांच्या हाती

ज्याने सर्वस्वाचा त्याग केला, त्याच्या वस्त्राची व औषधाची तरतूद कोणी आणि कशी करावी? त्याने स्वतः धन बाळगावे तर त्यागास बाध येतो. आणि तरतूदच नसावी तर वर्षाकाळी एके ठिकाणी राहणाऱ्या विरक्तांचा निर्वाह दात्याच्या त्या त्या दिवसाच्या इच्छेवर अवलंबून राहतो. अटन, विजन व भिक्षा हा आचार जाणणाऱ्या साधकांस हा प्रश्न अपरिचित नाही. प्राचीन महाराष्ट्रात त्याचे एक उत्तर राजाने अथवा पंडिताने नव्हे, तर कोष्टी, कुंभार, तेली यांच्या 'श्रेणी' नामक संस्थांनी दिले होते. या संस्थेची ओळख आज फारशी उरलेली नाही, म्हणून तिचा विचार येथे केला आहे.

श्रेणी म्हणजे एकच व्यवसाय करणाऱ्यांचा, स्वतःचे नियम असणारा संघ. याज्ञवल्क्यस्मृतीने कुल, श्रेणी व पूग यांना तंटे निवडण्याचा अधिकार मान्य केला आहे. इतकेच नव्हे, तर समूहाचे द्रव्य हरण करणाऱ्याचे व समूहाचा करार मोडणाऱ्याचे सर्वस्व घेऊन त्यास राज्याबाहेर घालवावे, असे तीत सांगितले आहे. दंड कठोर खरा. परंतु परक्याची ठेव सांभाळणाऱ्या संस्थेस असा धाक आवश्यकच होता.

दानाचा सर्वांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे भूमिदान. मुळशी तालुक्यातील नांदे या गावाच्या वायव्येस, मावळात, कार्ल्याची लेणी आहेत. तेथील शिलालेखात या प्रदेशाचे नाव 'मामाल' असे येते. 'मावळ' हे त्याचेच रूप होय. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली, तेव्हा त्याच गावाविषयी मामालच्या अमात्यास नवी राजाज्ञा पाठवावी लागली. नाशिकच्या लेण्यांतील अनुभव तर याहून बोलका आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना दिलेल्या शेताविषयी काही वर्षांतच असे आढळले की, ते शेत कोणी कसत नाही व ते गावही वसत नाही. अखेर राजा व राजमाता यांनी त्याऐवजी नगराच्या सीमेवरील १०० निवर्तने राजकीय भूमी दिली. भूमी अचल असते. पण ती कसणारा माणूस निघून गेला की तिचे उत्पन्न कोठून येणार?

उषवदाताने नाशिकच्या लेण्यात जो दुसरा मार्ग अवलंबिला, तो म्हणूनच विशेष विचारणीय आहे. वर्ष ४२ च्या त्या लेखानुसार त्याने ३००० कार्षापण 'अक्षयनीवी' म्हणून दिले. नीवी म्हणजे मूळ भांडवल. ते अक्षय, अर्थात कधीही खर्ची न घालावयाचे. ही रक्कम भिक्षूंच्या हाती दिलीच नाही. गोवर्धन नगरातील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० व दुसरीकडे १००० ठेविले. व्याज पहिलीकडे शेकडा एक व दुसरीकडे शेकडा पाऊण. मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे. पहिल्या ठेवीतून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, असे लेखात म्हटले आहे. येथे वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. व्याज दरमहा धरले तर २००० वर महिन्यास २० व वर्षास २४० कार्षापण होतात. आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ मिळूनही २४० च होतात. एकही नाणे कमी नाही, एकही अधिक नाही! दात्याने आधी गरज मोजली व तिच्यावरून ठेव ठरविली, हे उघड आहे. शिवाय हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदले गेले, असेही लेख सांगतो. म्हणजे दान एकाचे, सांभाळ दुसऱ्यांचा आणि साक्ष साऱ्या नगराची.

ही व्यवस्था एका राजकुळापुरती राहिली नाही. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने त्रिरश्मी पर्वतावरील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी गोवर्धनातीलच श्रेणींकडे अक्षयनीवी ठेविली. त्यांत कुंभार, तेली व जलयंत्रे करणारे यांच्या श्रेणी होत्या. क्षत्रप गेले, सातवाहन गेले, आभीर आले. तरी ठेव ठेवावयाची ती कारागिरांकडेच, हा लोकांचा विश्वास टिकून होता. या श्रेणी केवळ परक्याचे धन राखीत, असेही नाही. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके स्वतः दान दिले आहे.

पण श्रेणीच स्थलांतर करून गेली तर? ही शंका निराधार नव्हती. लाट देशातील रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास, म्हणजे आजच्या मंदसोरास, जाऊन राहिली. तेथे तिच्यातील काहींनी धनुर्विद्या, ज्योतिष असे अन्य उद्योगही स्वीकारले. तरीही श्रेणी म्हणून ते एकत्र राहिले. इ. स. ४३६ च्या सुमारास त्यांनी सूर्यमंदिर बांधले व पुढे ते जीर्ण झाल्यावर इ. स. ४७३ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धारही श्रेणीनेच केला.

उत्तर प्रदेशातील इंदोर येथे मिळालेल्या स्कंदगुप्तकालीन ताम्रपटात (गुप्तवर्ष १४६, इ. स. ४६५-६६) या शंकेचे उत्तर कराराच्या भाषेतच दिलेले आढळते. सूर्यमंदिरातील दिव्याच्या तेलासाठी एका ब्राह्मणाने इंद्रपुराच्या तेल्यांच्या श्रेणीकडे नीवी ठेविली. श्रेणीने ते स्थान सोडले तरी, जोवर तिच्यात ऐक्य आहे तोवर, तिने तेल देत राहावे, अशी त्यात अट घातली आहे.