रिव्होल्यूशन्स : उत्तर बरोबर, पायऱ्या गायब

'मॅट्रिक्स'चे तीन भाग आपल्या होस्टेलवर दरवर्षी कुणीतरी फर्स्ट इयरच्या मुलींना दाखवतंच. पहिला भाग संपला की रात्रभर वाद रंगतात. दुसरा संपला की सगळ्या डोकं धरून बसतात. आणि तिसरा संपला की... कुणी काहीच बोलत नाही. लाइट लागतो, चादरी गोळा होतात, गुड नाइट! ही शांतता का पडते याचा जरा नीट अभ्यास करावा म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी कुठे अडखळलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. आणि ज्यांना शेवट कळून घ्यायचा नाही त्यांनी इथूनच पान उलटावं.)

पहिला 'मॅट्रिक्स' १९९९ चा, म्हणजे आमच्या बॅचच्या जन्माच्याही आधीचा. निओ नावाच्या प्रोग्रामरला कळतं की आपण जगतोय ते जग खरं नाही. यंत्रांनी माणसांना द्रवात बुडवून ठेवलंय, त्यांच्या शरीरातून ऊर्जा काढतायत आणि डोक्यात एक सिम्युलेशन चालवतायत. आता कुठल्याही सेकंड इयरवाल्याला विचारा, हे गणित बसत नाही! माणूस दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी खातो, म्हणजे सुमारे ८४०० किलोज्यूल. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा, येतात ९७ वॅट. जुना पिवळा बल्ब, बस्स. शिवाय तेवढी ऊर्जा आधी अन्नातून घालावी लागणार ती वेगळीच. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम इथे पार आडवा होतो.

तरीही आपण ते चालवून घेतो. का? कारण ते सुरुवातीला सांगितलंय. 'असे गृहीत धरा की' हे वाक्य पेपरात वरच्या ओळीत लिहिलं की परीक्षक हसून पुढे जातो. तेच वाक्य शेवटून दुसऱ्या ओळीत घुसवलं तर लाल गोल पडतो. माझी तिसऱ्या भागाबद्दलची सगळी तक्रार या एका फरकात आहे.

दुसरा भाग, 'रिलोडेड', मे २००३ चा. पुष्कळांना तो आवडत नाही. मला मात्र तो तिघांत सगळ्यात धाडसी वाटतो. त्यात आर्किटेक्ट नावाचा प्रोग्राम निओला शांतपणे सांगतो की तू तारणहार वगैरे काही नाहीस. तुझ्याआधी पाच होऊन गेले. बंड करणारी माणसं लपून राहतात ते झायन शहरही पाच वेळा उद्ध्वस्त झालंय, आणि दर वेळी निवडक २३ माणसांपासून पुन्हा वसवलंय. म्हणजे बंडसुद्धा सिस्टिमचाच भाग! कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत निओ म्हणजे फीडबॅक. जमा झालेली चूक तो परत नेऊन देतो आणि प्लँट पुन्हा स्थिर होतो.

हे ऐकताना मला आठवला कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म. आपण 'चॉइस भरला' म्हणतो खरं. पण यादी कुणी केली, कट-ऑफ कुणी ठरवला, आणि इथे येऊन 'मला हे करायचंच नव्हतं' म्हणत गिटार घेऊन बसणारे दरवर्षी तेवढेच का निघतात? प्रश्न सिनेमाचा असला तरी टोचतो तो आपल्याला. म्हणूनच त्यावर रात्रभर वाद होतात. बुलेट चुकवण्याच्या सीनवर कुणी रात्र जागवत नाही.

याच भागात आर्किटेक्ट निओपुढे दोन दरवाजे ठेवतो. एकातून गेलास तर सिस्टिम पुन्हा सुरू होईल आणि मानवजात वाचेल. दुसऱ्यातून गेलास तर ट्रिनिटीला वाचवायची संधी मिळेल, पण बाकी सगळे संपतील. निओ ट्रिनिटीचा दरवाजा निवडतो. आणि शेवटी, सिम्युलेशनच्या बाहेर, खऱ्या जगात, नुसता हात वर करून तो यंत्रं पाडतो. मग काय, हे 'खरं' जगही खोटंच आहे की काय? पडद्यावर येतं की समाप्ती पुढच्या भागात. त्या वेळच्या प्रेक्षकांनी सहा महिने वाट पाहिली. आम्ही एक रात्र.

'रिव्होल्यूशन्स' ५ नोव्हेंबर २००३ रोजी जगभर एकाच वेळी लागला. निओचा हात चालला कसा, याचं उत्तर त्यात ओरॅकल देते : त्याची शक्ती या जगापलीकडे, जिथून ती आली त्या मूळ स्रोतापर्यंत पोचते. झालं! दोन-तीन वाक्यं आणि विषय बंद. पण हे उत्तर नाही, प्रश्नच वेगळ्या शब्दांत परत लिहिलाय. व्हायवात आपण करतो तसं.

दरवाजांचं तर त्याहून वाईट. निओने सगळ्यांचा जीव पणाला लावून जिला निवडलं ती ट्रिनिटी मरतेच. आणि जे मरणार होते ते झायनवाले वाचतात. एवढ्या मोठ्या निवडीची किंमत कुणी वसूलच केली नाही. ट्रिनिटी ढगांच्या वर जाऊन आयुष्यात एकदाच खरा सूर्य बघते तो क्षण फार सुंदर आहे, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण हिशेब लागत नाही तो नाहीच लागत.

त्याऐवजी आपल्याला काय मिळतं? झायनच्या गोदीतली लांबलचक लढाई. लोखंडी सांगाड्यात उभे राहून गोळ्या झाडणारी माणसं आणि टोळधाडीसारखी येणारी यंत्रं. तांत्रिक काम अफाट आहे. पण या मोठ्या भागात निओ पडद्यावर जवळजवळ नाहीच, आणि 'खरं काय?' हा प्रश्न तर अजिबात नाही.

शेवटी निओ यंत्रांच्या नगरीत जातो आणि एका प्रचंड यांत्रिक चेहऱ्याशी तह करतो : हाताबाहेर गेलेल्या स्मिथला मी थांबवतो, तुम्ही युद्ध थांबवा. श्रेयनामावलीत या चेहऱ्याचं नाव आहे 'डेउस एक्स माकिना', म्हणजे यंत्रातून आलेला देव. जुन्या ग्रीक नाटकांत पात्रं पार अडकली की क्रेनने देव खाली उतरवून गुंता सोडवत. (मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करावी, क्रेन आपली!) कथेचा उलगडा कथेतूनच व्हावा, यंत्रातून नव्हे, अशी तक्रार ॲरिस्टॉटलने तेव्हाच करून ठेवलीय. दिग्दर्शक वाचोव्स्की भावंडांना हे ठाऊक होतं, म्हणून तर ते नाव. पण चुकीवर मुद्दाम बोट ठेवलं म्हणून ती दुरुस्त होत नाही.

आता दुसरी बाजू. माझी इलेक्ट्रॉनिक्सची रूममेट म्हणते, "अगं, पिक्चर आहे तो, प्रूफ नाही." आणि तिनेच मला शेवट समजावला. स्मिथ हा व्हायरस, सगळ्यांवर स्वतःची कॉपी टाकत सुटलाय. निओ हरून स्वतःवरही ती टाकू देतो. पण निओचं शरीर त्या क्षणी थेट यंत्रांच्या मुख्य जागी जोडलेलं आहे. म्हणजे व्हायरसने आपण होऊन ॲडमिनसमोरच्या मशीनमध्ये उडी मारली! तिथून तो पुसला जातो. ही कल्पना खरोखर उत्तम आहे, मी मान्य करते. उत्तर बरोबर आहे. पण पायऱ्या कुठायत? पाऊस, विजा, हवेतल्या बुक्क्या यांच्यात ती एक पायरी कुठेतरी वाहून जाते. मग दिसतो हात पसरून पडलेला निओ. कॉन्व्हेंटमध्ये दरवर्षी गुड फ्रायडे ऐकलेल्या मुलीला तो क्रूस ओळखायला एक सेकंद पुरतो. ती खूण बघून आपण हळवं व्हायचं, प्रश्न विसरायचा. मी नाही विसरले.

गल्ल्यानेही तेच सांगितलं. 'रिलोडेड'ने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर कमावले, 'रिव्होल्यूशन्स' सुमारे ४२ कोटींवर थांबला. २०२१ मध्ये लाना वाचोव्स्कीने एकटीने चौथा भाग काढला, त्यात निओ आणि ट्रिनिटी दोघं परत येतात. म्हणजे ट्रिनिटीच्या मरणाचाही हिशेब रद्द!

तरी एका प्रसंगासाठी 'रिव्होल्यूशन्स' बघाच. सुरुवातीला निओ एका रिकाम्या भुयारी स्टेशनवर अडकतो. मोबिल ॲव्हेन्यू हे त्याचं नाव, मोबिलची इंग्रजी अक्षरं फिरवली की होतं लिंबो. तिथे रामा-कँड्रा (आपला रामचंद्रच तो!), बायको कमला आणि छोटी सती भेटतात. तिघंही प्रोग्राम. सतीला सिस्टिममध्ये काहीच काम नेमून दिलेलं नाही, म्हणून ती पुसली जाणार. आईबाप तिला लपवून पळवून नेतायत. प्रोग्रामला प्रेम कसं, असं निओला वाटतं. तेव्हा तो बाप सांगतो की प्रेम हा शब्द आहे, त्यामागचं नातं महत्त्वाचं. पुऱ्या मालिकेचा प्रश्न त्या बाकावर बसलेला आहे : ज्याचा उपयोग नाही त्याने असावं का? पाच-सात मिनिटांत गाडी येते आणि पिक्चर तिला सोडून लढाईकडे निघून जातो. शेवटी सती दिसते ती सूर्योदय करायला.

आणि नावं सुरू झाली की लगेच लाइट लावू नका. तिथे 'नवरस' नावाचा ट्रॅक वाजतो. त्यात उपनिषदातलं संस्कृत गायलंय, शाळेच्या प्रार्थनेत म्हटलेलं तेच. आमच्या मजल्यावर ते अजून एकदाही पूर्ण ऐकलं गेलेलं नाही, चादरी गोळा करण्याचा आवाजच फार असतो.