गॅस कटिंग : रिकामे पिंप खरोखर रिकामे असते का?



देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर लोखंडाचे दोन शत्रू आहेत : खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. पॉवर टिलरची लोखंडी चाके, पंपाचा सांगाडा, कुंपणाचे अँगल लवकर गंजतात. गंजून बसलेला बोल्ट पान्याला दाद देत नाही. मग गॅस कटर आणला जातो. काही जण स्वतःच टॉर्च हाती घेतात. काम कोणीही करो, पुढील माहिती आपल्याला असलीच पाहिजे.

लोखंड कसे कापले जाते?

ज्योत लोखंड वितळवून कापते, असा समज आहे. प्रत्यक्षात ज्योत लोखंड तापवते. ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून लालभडक झाले की त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात आणि लोखंड चक्क जळू लागते. गंज चढताना जे वर्षानुवर्षे घडते, तेच येथे क्षणात घडते. बीड, स्टेनलेस स्टील व अॅल्युमिनिअम मात्र अशा रीतीने कापले जात नाहीत.

जळणारा वायू म्हणजे अॅसिटिलीन. कार्बाइडवर पाणी पडले की हाच वायू निघतो. कार्बाइडने आंबा पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, पण त्याचा लसणासारखा वास अनेकांच्या ओळखीचा आहे. तो वास आला की गळती आहे असे समजावे व ठिणगी पडू देऊ नये.

सर्वांत मोठा धोका : रिकामे पिंप

डिझेलचे जुने पिंप मधोमध कापून गुरांसाठी पाण्याचे टाके करावे, असे कोणालाही वाटेल. येथेच जीव जातो. पिंप उपडे केले तरी शिवणीत आणि गंजाखाली डिझेलचा पातळ थर राहतो. ज्योत लागताच त्याची वाफ होते, ती आतल्या हवेत मिसळते आणि स्फोट होतो. भरलेल्या पिंपात हवेला जागाच थोडी असते. रिकाम्यात वाफ व हवा दोन्ही असतात. म्हणून रिकामे पिंप अधिक घातक. बूच उघडे ठेवल्याने किंवा पाण्याने विसळल्याने धोका टळत नाही. वास येत नाही, यावरही विसंबू नये. कीटकनाशकाच्या डब्यातून तर विषारी धूर निघतो.

दोन्ही टोके बंद असलेला पाइप किंवा रोलर आतून कोरडा असला तरी हवा तापून फुटू शकतो. तेव्हा नियम एकच : पिंप, इंधनाची टाकी व बंद पोकळ वस्तू गॅसने कापू नये. टाके सिमेंटचे बांधावे.

काम सुरू करण्यापूर्वी

१. सिलिंडर उभे ठेवून साखळीने बांधावेत. टेंपोतून आडवे आणलेले अॅसिटिलीनचे सिलिंडर काही तास उभे ठेवूनच वापरावे; त्यातील द्रव अॅसिटोन नळीत येता कामा नये.

२. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. खोबरेल तेलाचा हातसुद्धा नको. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकते.

३. नळी फाटल्यास तांब्याच्या नळीचा तुकडा घालून जोडू नये. अॅसिटिलीन व तांबे यांच्यापासून स्फोटक पदार्थ तयार होतो.

४. अॅसिटिलीनचा दाब दर चौरस इंचास १५ पौंडांवर नेऊ नये. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर हवेतच.

५. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडीने नव्हे.

६. मार्च ते मे या काळात काजू-आंब्याच्या बागेत गवत वाळलेले असते आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. किमान ३५ फूट परिसर साफ करावा, पेंढ्याची उडवी जवळ नसावी, पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात. काम संपल्यावर अर्धा तास लक्ष ठेवावे.

७. सुती कपडे, बूट, चामडी हातमोजे व गॅस कटिंगचा गडद चष्मा वापरावा. उन्हाचा चष्मा चालत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पाइप कापताना निघणाऱ्या धुराने ताप येतो. मुलामा आधी घासून काढावा व वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

पेटविणे व बंद करणे

आधी टॉर्चचा अॅसिटिलीनचा व्हॉल्व्ह थोडा उघडून स्पार्क लायटरने पेटवावे, नंतर ऑक्सिजन सोडावा. बंद करताना आधी अॅसिटिलीन, मग ऑक्सिजन. टॉर्चच्या आत शिट्टीसारखा आवाज होऊ लागल्यास ऑक्सिजन आणि लगेच अॅसिटिलीन बंद करावे. ज्योत नळीत शिरल्यास दोन्ही सिलिंडर बंद करावेत. म्हणून सिलिंडरची चावी नेहमी जागेवरच असावी. अॅसिटिलीनचे सिलिंडर तापू लागले तर त्याला हात न लावता सर्वांनी दूर जावे व ११२ क्रमांकावर फोन करावा.

कटरवाला दारात आला की काम दाखविण्यापूर्वी त्याला विचारा : ‘अरेस्टर बसवला आहे का?’ आणि आपल्याकडचे जुने पिंप त्याच्यापुढे ठेवू नका. तो ‘कापून देतो’ म्हणाला तरीही नाही.