महिन्याचा हिशेब कोणापुढें मांडावा?

वाचनभाग: प्रेषितांचीं कृत्यें १८:१-४ व २०:३१-३५, लूक १४:२८-३०, स्तोत्र ९०.

मंडळीच्या पगारावर काम करणाऱ्या उपदेशकास महिना संपला कीं अहवाल लिहावा लागतो. किती गांवीं गेलों, किती धडे दिले, किती घरांस भेट दिली, हें सर्व त्यास कळवावें लागतें. पुष्कळांस ह्याचें ओझें वाटतें. परंतु जे बंधु व ज्या भगिनी स्वतःच्या कष्टांवर पोट भरून लोकांस शास्त्र शिकवितात, त्यांच्याकडे अहवाल मागणारा कोणीच नसतो. कोणी शिकवण्या करितो, कोणी शिवणाचें यंत्र चालवितो, कोणी दीड एकर जमीन कसतो, आणि उरलेल्या वेळांत शेजारपाजारच्या मंडळीस वचन शिकवितो. ही मोठी मोकळीक आहे, आणि मोठी परीक्षाही आहे. अशा स्वावलंबी शिक्षकानें आपल्या वेळेचा व कामाचा हिशेब कसा ठेवावा, ह्याचा विचार आपण ह्या पाठांत करूं.

प्रथम पौलाकडे पाहूं. करिंथ येथें तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरीं राहून राहुट्या करीत असे, आणि दर शब्बाथ दिवशीं सभास्थानांत भाषण करीत असे. इफिस येथें त्यानें तुरन्नाच्या पाठशाळेंत दररोज शिकविलें, व हा क्रम दोन वर्षें चालविला. पुढें इफिसच्या वडिलांचा निरोप घेतांना तो त्यांस आपल्या तीन वर्षांच्या कामाची आठवण देतो, आणि आपले व आपल्या सोबत्यांचें पोट ज्या हातांनीं भरलें ते हात पुढें करितो. पौलास पगार देणारा धनी तेथें कोणी नव्हता. तरी किती काळ राहिलों, काय शिकविलें व काय खाल्लें, हें सर्व त्यास ऐकणाऱ्यांच्या तोंडावर सांगतां आलें. ज्याचा हिशेब चोख असतो, त्यालाच असा निरोप घेतां येतो.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं १९१७ सालीं मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्या वेळीं त्यांचें वय छप्पन्न वर्षांच्या आसपास होतें. १९१९ च्या मे महिन्यांत मुंबईस त्यांचें निधन झालें. म्हणजे ह्या स्वतंत्र कामास त्यांस पुरतीं दोन वर्षेंही मिळालीं नाहींत. 'ख्रिस्तायन' हें त्यांचें मोठें काव्य अपुरें राहिलें, व तें लक्ष्मीबाईंनीं पुढें पुरें केलें. ह्यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. आपणांस वाटतो त्याहून काळ थोडा असतो, म्हणून मोठ्या संकल्पाचे महिन्यामहिन्याचे तुकडे पाडावे. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, आपण नीट मांडून ठेवलेलें काम दुसऱ्याच्या हातूनही तडीस जाऊं शकतें.

आमचीही एक गोष्ट सांगतों. आम्ही मिरजेंत सकाळसंध्याकाळ शिकवण्या करून प्रपंच चालवीत होतों, व दुपारचा वेळ आसपासच्या खेड्यांतील लहान मंडळ्यांस देत होतों. कोणीं विचारलें, तर महिन्यास चाळीस तास शिकवितों, असें सहज सांगत असूं. त्यांत लबाडी नव्हती. आम्हांस खरोखरच तसें वाटत होतें. पूर्वेकडील एका गांवीं एक वृद्ध बाई होत्या. मार्काचें शुभवर्तमान स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावें, एवढीच त्यांची इच्छा होती. दर बुधवारीं दुपारीं येऊं, असें आम्हीं वचन दिलें. परंतु कधीं शिकवणी लांबे, कधीं एस्टी चुके, कधीं ऐन निघण्याच्या वेळीं पाहुणा येई. असे लागोपाठ दोन बुधवार बुडाले. तिसऱ्या खेपेस बाई शांतपणें म्हणाल्या, "मास्तर, यायचं नसलं तर आदल्या दिशी सांगत जावा. मी भांगलायला तरी जाईन."

तेव्हां आम्हांस कळलें कीं, आमची वाट पाहण्यासाठीं ह्या बाई दर बुधवारीं आपला रोज बुडवीत होत्या. आमचा चुकलेला तास आमच्या वहींत कोठेंच नव्हता, कारण वहीच नव्हती. पण त्यांच्या घरांतील पिठाच्या डब्यांत तो दिसत होता. वेळ आमचा एकट्याचा आहे, तो कसाही खर्चला तरी नुकसान आमचेंच, ही आमची समजूत त्या दिवशीं संपली. शिक्षकाच्या वेळेंत शिकणाऱ्याचा वेळ गुंतलेला असतो, आणि गरिबाचा वेळ म्हणजे त्याची भाकरी होय.

त्याच रात्रीं आम्हीं शाळेची एक साधी वही काढली. महिनाभर लिहिल्यावर बेरीज केली. शिकविण्याचे तास सतरा निघाले. प्रवासाचे व गाडीची वाट पाहण्याचे एकवीस. चाळीस तासांचा उलगडा झाला! पुढच्या महिन्यापासून एकाच रस्त्यावरील दोन गांवें एकाच दिवशीं घेतलीं, तेव्हां रस्त्याचे कांहीं तास वांचून शिकविण्यास मिळाले.

ती रीत थोडक्यांत अशी आहे.

पहिली गोष्ट, वहींत चार रकाने पाडावे: तारीख, ठिकाण, तास आणि काय शिकविलें. पोटाच्या कामाचे, शिकविण्याचे व रस्त्याचे तास निरनिराळे मांडावे. निजण्यापूर्वीं त्या दिवशींचें त्याच दिवशीं लिहावें. आठ दिवसांनीं आठवून लिहिलेला हिशेब बहुधा आपल्या बाजूचाच असतो.

दुसरी गोष्ट, महिन्याच्या आरंभीं तीनच संकल्प लिहावे, अधिक नको. आणि ते आपल्या हातांतले असावे. 'मंडळी जागृत करीन' हा संकल्प मोजतां येत नाहीं. 'चार बुधवार चुकविणार नाहीं, सहा घरांस भेट देईन, मार्काच्या दोन अध्यायांचे धडे तयार करीन' हे मोजतां येतात. बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्च मोजावा, असें प्रभूनें सांगितलें. तेव्हां खर्च न मोजतां पाया घालण्यांत विश्वास आहे असें कोणी समजूं नये.

तिसरी गोष्ट, घरखर्चास किती तास लागतात हें प्रथम पाहावें. शिकवणीचे किंवा शिवणाचे तास तोडून शास्त्र शिकविणारा शिक्षक पुढें उधारींत बुडतो, आणि त्याच्या शिकविण्याचें वजन गांवांत उरत नाहीं. पोटाचा तास हा देवाच्या कामांतून चोरलेला तास नव्हे. पौलाच्या राहुट्यांकडे पाहा.

चौथी गोष्ट, आठवड्याचा एक दिवस वहींत कोरा सोडावा. रानांत मान्ना गोळा करणाऱ्या इस्राएलासही सहाव्या दिवशीं दुप्पट मिळाला व सातव्या दिवशीं घरीं बसावयास सांगितलें. कोरा दिवसही हिशेबांतलाच आहे.

येथें एक सावधगिरी सांगणें जरूर आहे. दाविदानें लोकांची गणती केली, तें पाप ठरलें. परंतु आमचे दिवस गणावयास आम्हांस शिकीव, ही स्तोत्रांत प्रार्थना झाली. मोजणें दोन्हीकडे आहे, पण पहिलें मोजणें गर्वाचें व दुसरें नम्रतेचें. आपल्या वहींत आपले दिवस मोजावे. अमक्यानें किती जण आणले आणि आपण किती आणले, हा रकाना त्यांत घालूं नये. पेरणी आपल्या हातीं आहे, उगवण नाहीं.

तसेंच वही पाहून खचूंही नये. डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनीं १८९४ सालीं मिरजेंत रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून ह्या गांवाला रोग्यांची रीघ ठाऊक आहे. रोग्याच्या उशापाशीं तापाचा तक्ता टांगलेला आपण पाहिला असेल. त्या तक्त्यानें ताप उतरत नाहीं, आणि ताप चढला म्हणून तो रोग्यास दोषही देत नाहीं. औषध केव्हां व किती द्यावें, एवढेंच तो वैद्यास सांगतो. आपली वही अशीच वाचावी. एखाद्या महिन्यांत तीनपैकीं एकच संकल्प पुरा झाला, तर बाकीचे दोन कां राहिले हें पाहावें: घरीं आजारपण होतें, कीं सुगी होती, कीं आळस होता? पहिल्या दोहोंस क्षमेची गरज नाहीं. तिसऱ्यास आहे, आणि ती मागतां येते.

मग महिन्याचा हिशेब कोणापुढें मांडावा? देवापुढें तर मांडावाच. पण एका विश्वासू मनुष्यापुढेंही मांडावा. पत्नी, पति, मंडळींतील एखादा वडील माणूस, किंवा ज्यांना आपण शिकवितों त्यांच्यांतलाच कोणी. आम्ही तो हिशेब त्या बाईंस वाचून दाखवीत असूं. मार्काच्या पहिल्या अध्यायाच्या पुढें त्यांचें बोट सरकण्यास सात महिने लागले. त्या सात महिन्यांत एक बुधवार आम्हांस जातां आलें नाहीं. पण मंगळवारींच तसा निरोप पोंचला, आणि बाई त्या दिवशीं भांगलायला गेल्या.

विचार करण्यासाठीं प्रश्न:

१. गेल्या महिन्यांत आपण किती तास शिकविलें? आधीं अंदाज लिहा. मग एक महिना नोंद ठेवून दोन्ही आंकडे ताडून पाहा.

२. आपली वाट पाहून कोणाचा रोज बुडतो काय?

३. पुढच्या महिन्याचे तीन संकल्प कोणते, व त्यांचा हिशेब आपण कोणास वाचून दाखविणार?