किती हात मारणार, ते आधी ठरवा

ठाण्याजवळच्या वळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी या पट्ट्यात गोदामांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या आणि ठाण्यात परवडेना म्हणून कित्येक कुटुंबं वन बीएचके घेऊन इकडे आली. त्यातल्या बऱ्याच घरांचं रंगकाम आता निघालं आहे. बिल्डरने ताबा देताना मारलेला रंग किती पातळ होता ते भिंतीवरून तळहात फिरवला की कळतं. हाताला पांढरी पूड लागते. मग पेंटरला बोलावतात. तो दाराशी उभा राहून घरावर एक नजर टाकतो आणि आकडा सांगतो. थोडी घासाघीस होते, दोन हजार कमी होतात आणि काम ठरतं. भिंत किती आहे, तिच्यावर काय काय होणार आणि प्रत्येक गोष्टीचे किती हात, हे मात्र कुणी विचारत नाही. रंगाचा ब्रँड कोणता यावर घरात आठवडाभर चर्चा होते आणि हात किती यावर दोन मिनिटंही नाही. खरं तर पैसे तिथेच वाचतात आणि तिथेच बुडतात.

मुहूर्त. आपल्या भागात रंगकामाला दोनदा झुंबड उडते, गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. गणपती भर पावसात येतात. बाहेरची भिंत पाणी प्यालेली असते, पुट्टी लवकर सुकत नाही आणि घाईघाईने मारलेला रंग दोन महिन्यांत पोपडे धरतो. गणपतीसाठी रंगवायचंच असेल तर बाप्पा बसतात ती खोली किंवा नुसती ती भिंत करा, बाकीचं राहू द्या. दिवाळीआधी भिंती त्यातल्या त्यात सुकलेल्या असतात, पण पेंटर भाव खातो आणि एकाच वेळी चार घरं धरून बसतो. सगळ्यात सोयीचा काळ दिवाळीनंतरचा, डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, कारागीरही मोकळे असतात. फक्त उत्तरेकडचे कारागीर होळीला किंवा ईदला गावी जाणार असतील तर काम त्याआधी हातावेगळं होईल असं बघा. अर्धं घर खरवडून पेंटर गावी गेला की तो परत येईपर्यंत सामान प्लॅस्टिकखालीच राहतं.

ओल. पेंटरला फोन करण्याआधी घरातल्या भिंती स्वतः फिरून बघा. बाथरूमच्या मागची भिंत, खिडक्यांच्या खालचा भाग, वरच्या मजल्याच्या संडासाखालचा कोपरा आणि पावसाची झड घेणारी बाहेरची भिंत. कुठे डाग असेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंतीत ओल आहे. अशा भिंतीवर जगातला कुठलाही रंग टिकत नाही. पेंटर ‘डॅम्पप्रूफ मारून देतो’ म्हणेल, पण आतून लावलेला लेप पाणी अडवत नाही, थोडे दिवस डाग लपवतो एवढंच. आधी गळती बंद करायची. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामायिक पाइपातून पाणी येत असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वरच्या घराच्या बाथरूममधून येत असेल तर ते प्रकरण शेजाऱ्याशी बोलून मिटवायचं. त्याला वेळ लागतो, म्हणूनच हे काम बरंच आधी हाती घ्यायला सांगतो आहे. सिमेंटची दुरुस्ती झाली की भिंतीला पूर्ण सुकू द्या. नव्या प्लास्टरला चार आठवडे तरी द्यावेत.

माप. आता टेप घ्या. दहा बाय बाराची खोली, उंची नऊ फूट धरू. चारही भिंती मिळून ४४ गुणिले ९, म्हणजे ३९६ चौरस फूट. छत १२०. बेरीज ५१६. एक दार आणि एक खिडकी मिळून चाळीसेक फूट वजा केली की साधारण ४७५. अशी प्रत्येक खोली मोजून कागदावर मांडा. मोजायचा कंटाळा असेल तर कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट रंगवायची जागा निघते, असा ठोकताळा आहे. म्हणजे ४०० फूट कार्पेटच्या घरात १२०० ते १४००. पण पेंटर भाव सांगतो तेव्हा तो कार्पेटवर सांगतो की भिंतीवर, हे पहिल्यांदा विचारा. ‘पन्नास रुपये फूट’ आणि ‘सोळा रुपये फूट’ हे दोन भाव ऐकायला कितीही वेगळे वाटले तरी एक कार्पेटवरचा आणि दुसरा भिंतीवरचा असेल तर ते जवळपास सारखेच असतात. दारं-खिडक्या वजा धरायच्या की नाहीत तेही तेव्हाच बोलून घ्या. बरेच पेंटर त्या वजा करत नाहीत, कडा आणि चौकटीलगतची कारागिरी त्यात धरली असं म्हणतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही.

हिशेब. भिंतीची बेरीज १३०० चौरस फूट आली असं धरू. मध्यम प्रतीचं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ६५ फूट चालतं, म्हणजे २० लिटरची एक बादली. प्रायमर एका हातात लिटरला ११० फूट धरला तर १२ लिटर. पुट्टी दोन हातांत किलोला बाराएक फूट, म्हणजे ४० किलोच्या तीन गोण्या. पुढचे भाव फक्त हिशेब दाखवायला घेतले आहेत, त्या जागी तुमच्या दुकानातले घाला.

मजुरी १६ रुपये फूट धरून २०,८००. इमल्शन ५,०००. प्रायमर १,४४०. पुट्टी २,७००. घासपेपर, रोलर, मास्किंग टेप, प्लॅस्टिक १,०००. दारं आणि ग्रिलचा ऑइलपेंट मजुरीसकट ३,५००. बेरीज ३४,४४०. त्यावर दहा टक्के वर ठेवा, कारण खरवडल्यावर भिंत काय दाखवेल सांगता येत नाही. म्हणजे ३८ हजार हाताशी हवेत.

या यादीकडे नीट बघा. रंगाची बादली पाच हजारांची आणि मजुरी वीस हजारांची. इमल्शन सोडून साधा डिस्टेंपर घेतला तर दोनेक हजार वाचतील. पुट्टीचा एक हात गाळला तर मजुरीत त्याहून जास्त वाचतं आणि पेंटर नेमका तिथेच वाचवतो, पण स्वतःसाठी. छताला स्वस्त रंग चालतो, तिथे कुणी हात लावत नाही. हॉल, पॅसेज आणि मुलांच्या खोलीला धुता येणारा घ्या. घरभर महागडा मखमली रंग लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. चकाकी जितकी जास्त तितकी भिंतीची खोड ठळक दिसते.

पेंटर शोधणं. अंजूरफाटा, पूर्णा, काल्हेरच्या रंगाच्या दुकानांत विचारलं की नंबर मिळतात. मात्र दुकानदार ज्याचं नाव पुढे करतो तो त्याच्याकडूनच माल उचलणारा असतो, हे धरून चाला. नाक्यावरचा कारागीर एखाद्या खोलीला ठीक, अख्ख्या घराला नको. सगळ्यात चांगला पत्ता आपल्याच इमारतीत मिळतो. ज्याच्या घराने रंग लागल्यावर एक पावसाळा काढला आहे त्याच्याकडे चहाला जा आणि खिडकीखालची भिंत बघून या. मागच्या आठवड्यात झालेलं काम बघून काही कळत नाही, नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. एशियन पेंट्स, बर्जर यांसारख्या कंपन्या स्वतःचे ठेकेदारही पाठवतात. माप लेखी मिळतं आणि घासकाम मशीनने झालं तर धूळ कमी उडते, पण भाव चढा असतो. दोघांनाही वेळ नसलेल्या नवरा-बायकोला तो परवडू शकतो.

तिघांना बोलवा आणि तिघांनाही तोच तुमच्या मापाचा कागद दाखवा.

बोलणी. पेंटर म्हणतो, ‘साहब, टेन्शन मत लो, एकदम फर्स्ट क्लास करके देगा।’ त्यावर एवढंच विचारायचं: खरवडणार कुठे कुठे? पुट्टी पूर्ण भिंतीला की नुसती खड्ड्यांना? किती हात? घासणार कितीच्या पेपरने? प्रायमरचा हात पुट्टीनंतर की आधी? रंगाचे हात किती, आणि गडद रंगाला दोन हातांत झाकलं नाही तर तिसरा हात याच भावात का? यावर जो अडखळतो त्याचा भाव कितीही कमी असला तरी त्याला जाऊ द्या. जो उलट तुम्हालाच विचारतो की जुना रंग डिस्टेंपर आहे की इमल्शन, आणि भिंतीवर ओला फडका फिरवून बघतो, तो कारागीर.

मजुरी आणि माल वेगळे ठेवलेले बरे. ‘विथ मटेरियल’ उक्तं दिलं की माल कोणता आला ते बघणं आपल्याच माथी येतं. माल स्वतः आणा, बिल घ्या. रंगावर सध्या १८ टक्के जीएसटी आहे, जुलै २०१८पूर्वी तो २८ टक्के होता. बादलीवर छापलेल्या किमतीत दुकानदार सूट देतो, ती मागायला लाजू नका. गडद छटेला बेस वेगळा आणि महाग लागतो, म्हणून कार्डावर बोट ठेवण्याआधी त्याचा भाव विचारा. आधी छोटा डबा आणून दोन फुटांचा चौकोन भिंतीवर मारून बघा, सकाळच्या उजेडात एकदा आणि रात्री ट्यूबलाइटखाली एकदा. दुकानातल्या कार्डावरची बदामी छटा ट्यूबखाली कधी कधी थेट हिरवट होते.

अनेक बादल्यांत पेंटरसाठी कंपनीचं टोकन असतं. पेंटर एखाद्याच ब्रँडचा आग्रह धरतो त्यामागे बरेचदा हे कारण असतं. त्यात लबाडी काही नाही. टोकन त्याला देऊन टाका, पण ब्रँड तुम्ही ठरवा. रिकाम्या बादल्या कुणाच्या, तेही पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. हसू नका, शेवटच्या दिवशी हमखास कुरबूर होते ती बादलीवरूनच.

ठरलेलं सगळं एका कागदावर उतरवा: माप, भाव, हात, दारं-ग्रिल धरून की वेगळी, सामान हलवणं आणि साफसफाई कुणाची, किती दिवस. दोघांच्या सह्या. पैसे टप्प्यांत: सुरुवातीला दहा टक्के, पुट्टी-प्रायमर झाल्यावर तीस, रंगाचा पहिला हात झाल्यावर तीस, टचिंग आणि सफाई झाल्यावर उरलेले. मधेच घरी कुणी आजारी पडलं म्हणून उचल मागतील. द्यायची तर द्या, पण कागदावर लिहून आणि पुढच्या टप्प्यातून वळती करून.

काम सुरू. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी कळवा. लिफ्टचा वापर, कामाची वेळ, राडारोडा टाकायची जागा हे प्रत्येक इमारतीचे वेगळे नियम असतात. एक खोली रिकामी करून तिच्यात सामान लावा आणि ती सगळ्यात शेवटी रंगवा. पंखे झाका, स्विचबोर्डांवर टेप मारा.

घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत असावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. दारांवर, ग्रिलवर त्याआधीचा ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नका, पाणी लावून घासायला सांगा. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत.

पुट्टी कालवायला पाणी गोडं हवं. इमारतीला बोअरचं किंवा टँकरचं खारं पाणी येत असेल तर प्यायच्या पाण्यातून चार बादल्या बाजूला काढून द्या. खारं पाणी पुट्टीत गेलं की काही महिन्यांनी भिंतीवर लोणा फुटतो.

पुट्टी घासून झाली आणि प्रायमर लागला की संध्याकाळी घरातले दिवे बंद करा. मोबाइलची बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. उजेड भिंतीलगत सरकतो तशा लाटा, पुट्टी लावायच्या पत्र्याच्या रेघा, राहिलेले खड्डे सावल्या टाकू लागतात. जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलने गोल करा आणि सकाळी पेंटरला ते गोल दाखवा. चांगला पेंटर स्वतःच बल्ब हातात घेऊन हे करतो. रंगाचा पहिला हात बसल्यावर ही तपासणी करून उपयोग नाही, तेव्हा दुरुस्ती म्हणजे पुन्हा पुट्टीपासून सुरुवात.

बादली आपल्यासमोर उघडू द्या. एकाच छटेच्या दोन बादल्या असतील तर बॅच नंबर एक आहे का बघा, नसेल तर दोन्ही मोठ्या पिंपात एकत्र कालवा. पाणी किती घालायचं ते बादलीवर छापलेलं असतं. त्याहून जास्त घातलेला रंग रोलरवरून ठिबकतो आणि सुकल्यावर खालचा प्रायमर झळकतो. दोन हातांमध्ये बादलीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, त्याआधी रोलर फिरला की खालचा हात सोलून येतो.

आपल्या भागात एक जादा काळजी धुळीची. मेट्रो पाचचं काम आणि गोदामांकडे जाणारे ट्रेलर यांमुळे रस्त्याकडच्या खिडकीतून दिवसभर धूळ येते आणि ओल्या रंगावर बसून खरखरीत होते. शेवटच्या हाताच्या दिवशी रस्त्याकडची खिडकी बंद ठेवा, मागची उघडी. ग्रिल आणि खिडकीची कड आदल्या दिवशीच ओल्या फडक्याने पुसून घ्या.

टचिंग दिवसा करून घ्या, ट्यूबखाली केलेल्या टचिंगचे ठिपके दुसऱ्या दिवशी दिसतात. शेवटचे पैसे देण्याआधी स्विचबोर्डांच्या कडा, दारामागच्या भिंती आणि फरशीवरचे शिंतोडे बघून घ्या. उरलेल्या रंगातला लिटरभर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि झाकणावर छटेचा नंबर, खोली आणि तारीख मार्करने लिहा. पुढच्या वर्षी खिळा काढल्याचं भोक बुजवायला तेवढा पुरतो.