लाईट जाऊन आल्यावर

पोरी, इंदापुरात दुकान टाकलंस आणि मशीनवर लिनक्स मिंट घातलंस, बरं केलंस. विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि आपली जुनी मशीनं 11 घेत नाहीत. म्हणून ती भंगारात घालायची नसतात. पण आपल्याकडं लाईटीचा भरवसा नाही, म्हणून पहिलं तेच सांगतो.

लाईट आली, मशीन चालू केलंस आणि काळ्या स्क्रीनवर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहून ते तिथंच थांबलं, तर लगेच फॉरमॅट मारायला घेऊ नकोस. गावातला कुणीही तेच सांगेल, ऐकू नकोस. वरच्या ओळी वाच. रूट फाइल सिस्टीम हातानं तपासावी लागेल असं तिथं लिहिलेलं असतं, शेजारी डिस्कचं नाव असतं: स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए टू किंवा तसलंच. मग टाइप कर: एफएससीके, स्पेस, डॅश वाय, स्पेस आणि ते नाव जसंच्या तसं. काम संपलं की एक्झिट. बहुतेक वेळा मशीन सरळ उठतं. लाईट गेली नसतानाही तेच व्हायला लागलं, तर हार्ड डिस्क बहुधा जायला आलीय. त्याच दिवशी सगळं दुसरीकडं उतरवून घे. आणि छोटा यूपीएस घेच.

मशीन हँग झालं तर बटण दाबून बंद करू नकोस. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धर, मग सावकाश एस, यू, बी. एस दाबलं की राहिलेलं डिस्कवर उतरतं, यू दाबलं की डिस्कवरचं लिहिणं बंद होतं, बी दाबलं की मशीन रीस्टार्ट होतं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागेल.

पासवर्ड बरोबर असून लॉगिनची स्क्रीन पुन्हा पुन्हा येते? आधी डिस्क भरलीय का बघ. कंट्रोल-ऑल्ट-एफ थ्री दाबून लॉगिन कर, डीएफ डॅश एच दे. रूटसमोर शंभर टक्के दिसलं, तर सुडो एपीटी क्लीन. खरी अडगळ मात्र डाउनलोडमध्ये असते: गिऱ्हाइकांची आधार कार्डं, सातबारे, दाखले. काम झालं की लोकांचे कागद त्याच संध्याकाळी काढून टाक, ट्रॅशसुद्धा रिकामा कर. इथं जागेपेक्षा त्यांच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

प्रिंटर चालू आहे, कागद आहे, तरी प्रिंट येत नाही? अडकलेला कागद काढल्यावरही रांग थांबलेलीच राहते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, 631 टाक आणि तिथून प्रिंटर रिझ्यूम कर.

अपडेटआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घे. पण तो सिस्टीमचा असतो, होम फोल्डर त्यात आपोआप येत नाही. म्हणून उधारीच्या वहीची फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेव, आणि इजेक्ट केल्याशिवाय तो उपसू नकोस. कॉपी झाली असं दिसलं तरी लिहिणं मागं चालूच असतं.