व्हॅलेन्शिया बेट : लहान गाव, लांब धागे



'आमचं गाव केवढंसं, त्याला कसला आलाय इतिहास!' हे वाक्य आम्ही वर्गांत अनेकदा ऐकतो. इतिहास म्हणजे राजधान्या, किल्ले आणि लढाया, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. म्हणून या अंकातील अभ्यासलेखासाठी आम्ही मुद्दाम एक असे ठिकाण निवडले आहे की जिथे कोणा सम्राटाची राजधानी नव्हती. तरीही जगाच्या इतिहासाचे अर्धा डझन धागे तिथे येऊन मिळतात.

आपापले अॅटलास उघडा. युरोपच्या पश्चिमेला आयर्लंड देश आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केरी परगणा आणि केरीच्या किनाऱ्याला लागून व्हॅलेन्शिया बेट. लांबी सुमारे ११ किलोमीटर, रुंदी ३ किलोमीटर. लोकवस्ती जेमतेम साडेसहाशे, म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेच्या पटापेक्षाही कमी. बेटावरचे मुख्य गाव नाइट्सटाउन. जमीनदार 'नाइट ऑफ केरी' यांच्या पदवीवरून हे नाव पडले. गावाचा आराखडा अलेक्झांडर निमो या स्कॉटिश अभियंत्याने केला. बेटाच्या पश्चिम टोकाला उभे राहिले तर समोर थेट अमेरिका खंडापर्यंत फक्त पाणी!

नावाची गोष्ट

'व्हॅलेन्शिया' हे नाव ऐकले की स्पेनमधील त्याच नावाचे शहर आठवते. स्पेनशी नाते जोडणे कोणत्याही बेटाला आवडेल. परंतु अभ्यासक सांगतात की हे नाव स्पेनमधून आलेले नाही. बेटाजवळच्या खाडीच्या मुखाला आयरिश भाषेत 'बेल इन्श' असे म्हणत. त्याचाच उच्चार परक्यांच्या जिभेवर बदलत गेला असावा. बेटाचे आयरिश नाव तर वेगळेच आहे, 'दार्व्रे'. त्याचा संबंध ओक वृक्षांशी जोडतात. पहिला धडा इथेच मिळतो: गावाचा अभिमान बाळगावा, पण तो तपासून घेतलेला असावा.

पाटीचा दगड

पालकांपैकी अनेकांनी दगडी पाटीवर मुळाक्षरे गिरवली असतील. त्याच जातीचा दगड, म्हणजे स्लेट, या बेटावर मिळतो. १८१६ मध्ये तिथे खाण सुरू झाली. त्या खाणीचा दगड लंडनच्या पार्लमेंट भवनात आणि पॅरिसच्या ऑपेरा हाउसमध्ये वापरला गेला. बिलियर्ड खेळाच्या टेबलाला अगदी सपाट पृष्ठभाग लागतो, त्यासाठीही तो जात असे. १९११ मध्ये दरड कोसळून खाण बंद पडली. पुढे अनेक दशकांनी ती पुन्हा सुरू झाली.

समुद्राखालची तार

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १८५० च्या दशकात युरोपातून अमेरिकेला निरोप धाडायचा तर जहाजाशिवाय मार्ग नव्हता आणि त्याला दहा-बारा दिवस लागत. जमिनीवर तारयंत्र आले होते, मात्र अटलांटिक महासागराच्या तळाशी तार टाकायची कशी? सायरस फील्ड या अमेरिकन व्यापाऱ्याने हा ध्यास घेतला. युरोपचे टोक म्हणून निवड झाली व्हॅलेन्शियाची, कारण इथून महासागराचे अंतर सर्वांत कमी पडत होते. दुसरे टोक न्यूफाउंडलंडला, जे आज कॅनडात आहे.

१८५७ मध्ये पहिला प्रयत्न झाला. तार तुटली. १८५८ च्या जूनमध्ये दुसरा प्रयत्न, तोही फसला. त्याच वर्षी तिसऱ्या प्रयत्नात दोन जहाजांनी भर समुद्रात तारेची टोके जोडली आणि विरुद्ध दिशांना प्रयाण केले. ५ ऑगस्ट १८५८ रोजी 'अगमेम्नॉन' हे जहाज व्हॅलेन्शियाला पोहोचले. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पोहोचायला सुमारे १६ तास लागले. तरी केवढा जल्लोष झाला! न्यूयॉर्कमध्ये मिरवणुका निघाल्या, आतषबाजी झाली.

आनंद तीन-चार आठवडेच टिकला. तार मुकी झाली. आधीच सदोष असलेल्या तारेत विद्युत विभागाचे प्रमुख व्हाइटहाउस यांनी सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला आणि तिचे आवरण निकामी झाले, असे चौकशीत पुढे आले. विल्यम थॉमसन या वैज्ञानिकाचे म्हणणे वेगळे होते: जोर वाढवू नका, ऐकण्याचे साधन अधिक सूक्ष्म करा. त्यांनी आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला होता, ज्यात अगदी क्षीण विद्युतप्रवाहही प्रकाशाच्या ठिपक्याच्या हालचालीवरून ओळखता येत असे. आयर्लंडमध्येच, बेलफास्टला जन्मलेले हे थॉमसन म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन. तापमानाचे 'केल्विन' हे एकक नववीच्या मुलांना ठाऊक आहेच.

१८६५ मध्ये त्या काळातले जगातील सर्वांत मोठे जहाज 'ग्रेट ईस्टर्न' या कामाला लागले. निम्म्याहून अधिक वाट कापल्यावर तार तुटून समुद्रात गेली. १८६६ मध्ये हेच जहाज पुन्हा निघाले आणि २७ जुलै १८६६ रोजी न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंट या गावी तार पोहोचली. हा पाचवा प्रयत्न. एवढ्यावर न थांबता त्या लोकांनी आदल्या वर्षी हरवलेल्या तारेचे टोक काही किलोमीटर खोल समुद्रातून गळ टाकून वर काढले आणि तीही पूर्ण केली!

सुरुवातीला २० शब्दांच्या संदेशाला २० पौंड पडत. तेव्हाच्या मजुराची कित्येक महिन्यांची कमाई होती ही. त्यामुळे प्रारंभी व्यापारी, सरकारे आणि वृत्तपत्रेच तिचा वापर करू शकत. नाइट्सटाउनमध्ये मोठे तारघर उभे राहिले आणि मासेमारी व शेतीवर जगणाऱ्या गावात पगारी नोकऱ्या आल्या. ही तार जवळजवळ शंभर वर्षे गावाचा कणा होती. १९६६ मध्ये तारघर बंद झाले.

घड्याळ, हवामान आणि एक सांकेतिक संदेश

१८६६ मध्येच बेंजामिन गूल्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने व्हॅलेन्शियाला मुक्काम ठोकला. तारेवरून दोन्ही किनाऱ्यांच्या घड्याळांची वेळ ताडून त्याने युरोप व अमेरिका यांच्या रेखांशांतील फरक मोजला. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'रेखांशावरून वेळ' हे गणित करतो. त्याने तेच गणित उलट केले, वेळेवरून रेखांश काढला.

१८६० पासून व्हॅलेन्शियाहून हवामानाची नोंद तारेने लंडनला जाऊ लागली. अटलांटिकवरून येणारे वादळ सर्वांत आधी इथेच कळणार ना! पुढे १८९२ मध्ये ही वेधशाळा समोरच्या मुख्य भूमीवर काहर्सिव्हीनला हलवली गेली. नाव मात्र आजही व्हॅलेन्शिया वेधशाळाच आहे.

१९१६ मध्ये ईस्टरच्या सुमारास डब्लिन शहरात इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव झाला. बातमीवर कडक पहारा होता. तरीही व्हॅलेन्शियाच्या तारघरातील टिम आणि यूजीन रिंग या कर्मचाऱ्यांच्या मदतीने अमेरिकेत सांकेतिक संदेश गेला. वाचणाऱ्याला वाटावे की कोणा रुग्णाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली! साम्राज्याने आपल्या कामासाठी वापरलेली तार स्वातंत्र्याच्या कामीही आली.

३८ कोटी वर्षांपूर्वीची पावले

१९९३ मध्ये भूगर्भशास्त्राचा एक विद्यार्थी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे खडक तपासत होता. त्याला दगडावर खळग्यांची ओळ दिसली. पाण्यातून जमिनीकडे येणाऱ्या आद्य चतुष्पाद प्राण्यांच्या त्या पाऊलखुणा निघाल्या, सुमारे ३८ कोटी वर्षे जुन्या. जगात अशा खुणा फार थोड्या ठिकाणी आहेत. त्या खडकांवरून गावकरी पिढ्यान् पिढ्या चालले होते. विद्यार्थ्याने फक्त खाली नीट पाहिले. मुलांनो, त्याच्याजवळ पदवीही नव्हती, हे ध्यानात ठेवा.

धागा आपल्यापर्यंत

'हे सर्व तिकडचे, आपल्याला काय त्याचे?' असे कोणी विचारेल. तर ऐका. व्हॅलेन्शियाला तार पोहोचवणारे 'ग्रेट ईस्टर्न' १८७० मध्ये मुंबईला आले. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. मुंबईहून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकण्याचे काम याच जहाजाने केले आणि त्याच वर्षी मुंबई व लंडन समुद्री तारेने जोडले गेले.

याच्याही आधी भारतात तारेचे जाळे विणणारा गृहस्थ आयरिशच होता. डॉ. विल्यम ओशॉनेसी हे केरीला लागूनच असलेल्या लिमरिकचे. कंपनी सरकारात डॉक्टर म्हणून आले, १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरे तारेने जोडली. आग्रा–मुंबई तार आपल्या माळव्यातूनच जात असे. आपले आजोबा-पणजोबा दक्षिणेतल्या नातलगांना सुखदुःखाची तार करत, ती याच परंपरेतली. १४ जुलै २०१३ हा भारतातील तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला. आजच्या मुलांनी तार पाहिलेली नाही. पण त्यांच्या मोबाइलवर परदेशातून येणारा निरोपही बहुतांशी समुद्रतळाच्या केबलमधूनच येतो.

अभिमान कशाचा?

आता थोडे कडू सत्य. ज्यांच्या गावात जगाच्या बातम्या क्षणात येत, त्या गावचीच माणसे बाहेर जात राहिली. १८४१ मध्ये बेटावर तीन हजारांच्या घरात लोक होते. मग दुष्काळ आला, स्थलांतर झाले, शेवटी तारघरही बंद पडले. तसे पाहिले तर तार काही बेटकऱ्यांनी शोधली नव्हती. भांडवल बाहेरचे, शास्त्रज्ञ बाहेरचे. मग त्यांचा अभिमान कशाचा?

आमच्या मते तो जपणुकीचा आहे. बेटकऱ्यांनी तारघराची इमारत, जुन्या वस्तू, आठवणी सांभाळल्या. नाइट्सटाउनच्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी वारसा केंद्र मांडले. २०२२ मध्ये व्हॅलेन्शिया–हार्ट्स कंटेंट या तारकेंद्रांची नोंद जागतिक वारशासाठीच्या आयर्लंडच्या संभाव्य यादीत झाली. केबल विकणाऱ्या कंपन्या गेल्या, नोंदी ठेवणारे गाव मात्र उरले.

जुन्या शाळेत संग्रहालय, हे वाचून आम्हांला आनंद झाला आणि काळजात थोडे चर्रही झाले. संग्रहालयात वस्तू राहतात, भाषा राहत नाही. भाषेला वर्गात बसलेली मुले लागतात. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. घरी मराठी बोलणारी मुले कमी होत चालली आहेत. आजी गेली की तिच्याबरोबर वाड्याच्या, आळीच्या, मंडळाच्या किती गोष्टी जातात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. व्हॅलेन्शियाच्या खडकावरील पावले ३८ कोटी वर्षे टिकली. माणसाची आठवण लिहून ठेवली नाही तर दोन पिढ्याही टिकत नाही.

पालकांना विनंती की जुने फोटो, पत्रे, तारा, लग्नपत्रिका रद्दीत घालण्यापूर्वी मुलांना एकदा वाचून दाखवा. विश्वस्त मंडळींनी शाळेच्या जुन्या पटनोंदी व इतिवृत्ते कोरड्या, सुरक्षित कपाटात ठेवण्याची सोय करावी, असेही नम्रपणे सुचवतो.

स्वाध्याय

१. अॅटलासमध्ये व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंड शोधा. त्यांना जोडणारी रेषा काढून प्रमाणपट्टीने अंतर मोजा.

२. १८५८ ची तार का बिघडली? व्हाइटहाउस आणि थॉमसन यांच्या विचारांतील फरक पाच ओळींत लिहा.

३. आजी-आजोबांना विचारा: घरात आलेली कोणती तार त्यांच्या लक्षात आहे? कोणी पाठवली, कोणत्या साली, मजकूर काय होता? उत्तर त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून आणा.

४. आपल्या आळीच्या किंवा चौकाच्या नावाविषयी घरी काय सांगतात ते लिहा. मग दुसऱ्या दोन माणसांना विचारून ते खरे आहे का, याची खातरी करा.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरे आम्ही शाळेत एका वहीत एकत्र लावून ठेवणार आहोत. वही कोरी आहे. पहिले पान कोणाचे, ते मुलांनी ठरवायचे.