दर्या आणि दऱ्या

मुक्त प्रणालींच्या कामात नव्याने पडणाऱ्यांनी माझ्या एका कसुरीची हकीकत ऐकावी, असे मला मनापासून वाटते. कारण ती अज्ञानापेक्षा उतावळेपणातून घडली.

एका मुक्त लेखन-प्रणालीत मराठी मजकूर धुंडाळताना माझ्या ध्यानात आले, की ‘दऱ्या’ हा शब्द डोळ्यांसमोर असूनही शोधात सापडत नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा रकार दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य असा जोडक देऊन. कागदावर दोन्ही रूपे एकच, संगणकाच्या लेखी मात्र भिन्न. तुलनेपूर्वी नुक्ता आणि जोडक दोन्ही गाळून टाकणारा बदल मी त्याच रात्री लिहिला, जाता जाता तीन फाइलींतील मोकळ्या जागाही नीटनेटक्या केल्या, आणि सारे एकत्र बांधून धाडून दिले.

चार दिवसांनी प्रकल्पाच्या परीक्षकाने विचारले, “आता ‘दर्या’ शोधल्यास काय मिळते?” मिळत होत्या दऱ्या! समुद्र आणि डोंगरांमधील खोल भूमी यांतील भेद मी, मराठी मातृभाषेचा मनुष्य, पुसून बसलो होतो. मराठीचा गंध नसलेल्या त्या गृहस्थांना ही शंका सुचली, ती दोषांच्या जुन्या दप्तरावरून; हाच उपाय पूर्वी याच कारणास्तव नामंजूर झाला होता, आणि ती नोंद मी उघडूनही पाहिली नव्हती. शिवाय मोकळ्या जागांच्या शेकडो ओळींत खरी दुरुस्ती हुडकणे त्यांना दुरापास्त झाले होते.

म्हणून नवागताने प्रथम ते दप्तर वाचावे, आणि दोष आपल्याकडील जुन्या आवृत्तीत नव्हे, तर प्रकल्पाच्या ताज्या मसुद्यात पुन्हा घडवून पाहावा. दोष पूर्वी नसून नव्याने उपजला असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा निम्म्या-निम्म्याने शोध घेत हजार बदलांतून दहाएक तपासण्यांत उगमापाशी नेते. त्यानंतर, आणि यावर माझा विशेष भर आहे, दुरुस्तीआधी अशी चाचणी लिहावी, जी आज नापास होते आणि दुरुस्तीनंतरच उत्तीर्ण होते. माझ्या दुसऱ्या मसुद्यात दोन्ही तऱ्हांच्या ‘दऱ्या’ सापडाव्यात आणि ‘दर्या’ सापडू नये, अशी चाचणी आधी लिहिताच योग्य मार्ग आपोआप दिसला: काहीही न गाळता दुसरे रूप पहिल्यात बदलून मगच तुलना करावी. एका बदलात एकच हेतू असावा, आणि सोबतच्या टिपणात ‘काय केले’ यापेक्षा ‘का केले’ हे लिहावे. हक्कांच्या बाबतीतही हयगय नको. लिनक्स कर्नेलमध्ये 2004पासून प्रत्येक बदलाखाली, तो देण्याचा आपणांस अधिकार आहे, अशी स्वतःच्या नावाची ओळ घालावी लागते, तर लिब्रेऑफिस नवागताकडून परवान्याविषयी एकदाच निवेदन घेते.

माझा दुसरा मसुदा, अवघ्या बारा ओळींचा, तीन आठवड्यांनी मंजूर झाला.

वाचकहो, आपल्या नेहमीच्या प्रणालीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द आजच शोधून पाहा. एकाच्या जागी दुसरा सापडला, तर आवृत्तीचा क्रमांक आणि दोन्ही शब्द जसेच्या तसे लिहून तक्रार अवश्य नोंदवा; ती मराठी वाचणाऱ्यावाचून दुसरे कोण करणार?